गव्हाची बिअर की आयपीए: ब्रूपबमध्ये पहिला ग्लास कोणता सांगायचा?

पुण्यात २००९ मध्ये डूलाली हा ब्रूपब, म्हणजे बिअर जागेवरच बनवणारा पब, सुरू झाला तेव्हा टाकीतून थेट ग्लासात येणारी ताजी बिअर याचंच नवल होतं. आता पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ब्रूपबमध्ये फळ्यावर सात-आठ नावं असतात, आणि वर्षानुवर्षं बाटलीतली लागर पिणारा माणूस तिथे गांगरतो. वेटर दोन-तीन घोट चाखायला आणून देतो, बरोबरचा मित्र सल्ले देतो, आणि गाडी शेवटी दोन नावांवर येऊन थांबते: गव्हाची बिअर, नाहीतर आयपीए, म्हणजे कडवट 'इंडिया पेल एल'.

शौकिनांच्या टोळक्यात याचं उत्तर ठरलेलं असतं. गव्हाची नवशिक्यांसाठी, आयपीए जाणत्यांसाठी. "अजून व्हीटच पितोस का रे?" हा प्रश्न मी अनेक टेबलांवर ऐकलाय. मला ही उतरंड साफ नामंजूर आहे. पुढ्यात खायला काय आहे आणि किती वेळ बसायचंय, एवढ्या दोन गोष्टींवर निवड करावी. आपण किती मुरलेले दिसतो यावर नको.

तसं पाहिलं तर जुन्या काळी उतरंड उलटीच होती. बव्हेरियात १५१६ च्या कायद्याने बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) आणि पाणी वापरायची मुभा होती. गव्हाची बिअर काढायचा हक्क एका सरदार घराण्याकडे, आणि पुढे खुद्द ड्यूककडे राहिला. सामान्य ब्रुअरला ती बनवायची सोयच नव्हती. १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडरने तो हक्क मिळवला तेव्हा कुठे ती लोकांची झाली. नवशिक्यांची बिअर म्हणून नाक मुरडणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

फळ्यावर नुसतं 'व्हीट' लिहिलं असेल तर आधी विचारा: जर्मन पद्धतीची की बेल्जियन? दोन्ही गढूळ, दोन्ही फिकट, पण चवीत बराच फरक. जर्मन हेफेवायझनमध्ये निम्म्याहून जास्त धान्य गव्हाचं असतं, आणि तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. ना केळं घातलेलं असतं, ना लवंग. ही सगळी करामत यीस्टची. जरा उबेत आंबवली की केळं पुढे येतं. धान्य भिजवताना ४५ अंशांच्या आसपास थोडं थांबलं की लवंगेला वाव मिळतो. म्हणून एकाच नावाची बिअर दोन ब्रूपबमध्ये वेगळी लागते, यात फसवणूक काही नाही. मुंबईच्या गेटवे ब्रुअरीची व्हाइट झेन ही याच जातीची.

बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र मसाला खरोखरच घालतात: धने आणि संत्र्याची साल. ही जात जवळजवळ संपली होती. १९६० च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या माणसाने ह्यूगार्डन गावात ती पुन्हा काढली, आणि आज जगभर पितात ती त्याच पुनर्जन्माची संतती. २०१५ मध्ये आलेल्या बिरा ९१ व्हाइटने आपल्याकडे अनेकांना पहिल्यांदा हीच दिशा दाखवली. कडूपणा दोन्हींत नावापुरता. कडूपणा मोजायचं आयबीयू नावाचं एकक आहे. हेफेवायझन त्यावर साधारण ८ ते १५ मध्ये असते, तर अमेरिकन आयपीए ४० ते ७० मध्ये.

हेफेवायझन बाटलीतून आली तर ओतायची एक रीत आहे. उंच ग्लास तिरका धरून कडेने सावकाश ओतायची, तळाशी थोडी उरली की बाटली गोल-गोल फिरवायची, म्हणजे खाली बसलेलं यीस्ट उठतं, आणि मग ते दुधट पाणी वरून सोडायचं. फेस चांगला तीन-चार बोटं चढतो. आधी त्या फेसात नाक घालायचं, मग घोट. काही ठिकाणी कडेला लिंबाची फोड खोचून देतात; ती काढून ठेवा. लिंबाने फेस बसतो आणि ज्या वासाचे पैसे मोजले तोच झाकला जातो.

आता आयपीए. नावातल्या 'इंडिया'मुळे आपल्याला उगीच आपुलकी वाटते आणि मित्र लगेच गोष्ट सांगायला घेतो: इंग्रजांनी मुंबई-कलकत्त्याच्या प्रवासात टिकावी म्हणून खास शोधलेली बिअर वगैरे. गोष्ट अर्धी खरी आहे. लंडनच्या बो भागातला हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून फिकट एल (बिअरचीच एक जात) पाठवायचा, पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअरींनी त्याचा धंदा हिसकावला, हे खरं. पण उष्ण देशांत जाणाऱ्या बिअरला जास्त हॉप्स घालायची चाल त्याआधीपासून होती, आणि इथल्या गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टर बिअरही भरपूर यायची. शिवाय आज फळ्यावर जी आयपीए दिसते तिचं गोत्र अमेरिकेतलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये कॅस्केड हॉप्स वापरून लिबर्टी एल काढली, तिथून हे संत्र्या-पपनशाच्या वासाचं वेड सुरू झालं.

चांगल्या आयपीएचा पहिला वास खरंच वेडावणारा असतो. पपनस, आंबा, कधी पाइनचा चीक. "यात आंब्याचा पल्प आहे ना?" असं विचारणारे भेटतात. नसतो, सिट्रा किंवा मोझॅइक हॉप्सचीच ती किमया असते. पण वास गोड म्हणून चव गोड असेल असं धरून चालू नका. घोट गिळल्यावर जिभेच्या मागे कडूपणा रेंगाळतो, आणि तोच तिचा मुद्दा आहे. बिनसाखरेची काळी कॉफी, कारल्याची परतलेली भाजी, मेथीची पालेभाजी आवडीने खाणाऱ्यांना ही पटकन जमते. न जमणाऱ्यांनी न्यू इंग्लंड आयपीए किंवा 'हेझी' असं काही फळ्यावर आहे का बघावं. ती गढूळ, रसाळ आणि कडूपणाला बरीच सौम्य.

खाण्याच्या बाबतीत मी ठाम आहे. टेबलावर तिखट असेल, म्हणजे मिसळीच्या कटासारखं काही, ठेचा लावलेला चखणा, कोल्हापुरी सुकं, तर गव्हाची. हॉप्सचा कडूपणा तिखटाला आणखी धार लावतो. त्यात आयपीएचा जास्तीचा अल्कोहोल. काहींना हा दुहेरी मारा आवडतो, ते त्यांचं ते जाणोत. तळलेल्या मासळीवर विटबिअर उत्तम, कारण धने आणि संत्र्याची साल तिथे लिंबाचं काम करतात. आयपीए मात्र तेलकट आणि चीजच्या पदार्थांवर सरस ठरते: बर्गर, चीज घातलेल्या फ्राइज, कोलंबी कोळीवाडाही, मसाला बेताचा असला तर. तोंडातला तुपटपणा ती धुऊन काढते. मसाला शेंगदाण्यांवर काहीही चालतं.

दुसरा निकष वेळेचा. गव्हाची बिअर बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास असते, आयपीए साडेपाच ते साडेसात. हिशेब करून बघा: ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ मिली अल्कोहोल, तर ७ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या पाइंटमध्ये २३. म्हणजे आयपीएचा छोटा ग्लास जवळजवळ गव्हाच्या मोठ्या ग्लासाइतका. तीन तास गप्पा मारत बसायचं असेल तर आयपीएने सुरुवात करणं मला शहाणपणाचं वाटत नाही, शिवाय दुसऱ्या ग्लासानंतर जीभ इतकी कडवटते की इतर काही कळत नाही. एकच प्यायची आणि चवीने प्यायची असेल तर मात्र आयपीएच. गाडी दोन्ही बेतांत घरी: कायद्याची मर्यादा रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमची आहे, आणि मध्यम बांध्याच्या माणसाला गव्हाचा एक मोठा ग्लासही तिच्यापलीकडे नेऊ शकतो. "यात किक नाही" म्हणत ६५० मिलीच्या ८ टक्केवाल्या स्ट्राँगची आठवण काढणाऱ्याला ब्रूपबला नेऊच नका, त्याचाही वैताग होतो आणि तुमचाही.

दुकानातून कॅन घेणार असाल तर तुलनेत आणखी एक गोष्ट येते: तारीख. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. उन्हातल्या गोडाउनातून आलेली चार-पाच महिन्यांची आयपीए नुसती कडू लागते, आंबा-पपनस गायब. गव्हाचीही ताजीच चांगली, पण शिळी झाली तरी ती इतकी रागावत नाही. गोव्याच्या गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी आयपीए कॅनमध्ये मिळते. घेताना कॅन उलटा करून भरल्याची तारीख बघा आणि फ्रिजमधलाच मागा. काचेच्या हिरव्या बाटलीपेक्षा कॅन कधीही बरा, कारण उजेड लागला की हॉप्सला कुबट वास सुटतो.

उरलेल्या नावांबद्दल थोडक्यात. पिल्सनर असेल तर नक्की चाखा. १८४२ मध्ये आजच्या चेक देशातल्या प्लझेन्य शहरात निघालेली ही बिअर नीट बनवायला अनेक आठवडे थंडीत मुरवावी लागते, टाकी अडकते, म्हणून बरेच ब्रूपब तिच्या वाटेला जात नाहीत. जिथे ती चांगली मिळते तिथल्या ब्रुअरवर माझा विश्वास बसतो. स्टाउट काळी म्हणून जड समजून लोक टाळतात. उगीच. गिनेस ड्राफ्ट ही आयरिश स्टाउट अवघी ४.२ टक्के, फळ्यावरच्या बहुतेक आयपीएंपेक्षा हलकी. काळेपणा भाजलेल्या बार्लीचा. आयर्लंडमध्ये ती कालवांबरोबर पितात, आणि रत्नागिरीकडची ताजी कालवं कधी हाती लागली तर हा बेत करून बघण्यासारखा आहे.

आणि बरोबरच्या कुणाला बिअरची चवच आवडत नसेल तर त्याच्या गळ्यात गव्हाची मारू नका. सफरचंदाची सायडर किंवा आंबट गोझं मागवा. गोझं ही मीठ आणि धने घातलेली जुनी जर्मन जात. आपल्याकडे काही ब्रुअर आंबट बिअरमध्ये कोकम घालतात, आणि सोलकढीवर वाढलेल्या जिभेला ती ओळखीची वाटते.