मार्था की मरीया?

बायबलमध्ये, लूक 10:38-42. प्रभू येशू या दोघी बहिणींच्या घरी आलेला. मरीया पायाशी बसून ऐकते, मार्था राबून शेवटी वैतागते, प्रभूकडे तक्रार करते.

रविवारी उपासनेनंतर पाहुणे आले की आपल्याकडेही हेच. मरीयेसारखं वागायचं तर गॅस बंद करून समोर बसा, जेवण अर्धा तास उशिरा. मार्थेसारखं वागलं तर ताटं वेळेवर, पण भांड्यांची आदळआपट बाहेरपर्यंत. (पुरुष मंडळी दोन्हींतून सुटतात, ते वेगळंच!)

प्रभूने मार्थेला टोकलं ते कामाबद्दल नव्हे, दगदगीबद्दल. योहान 11 मध्ये भाऊ लाजर वारल्यावर प्रभूला सामोरी जाऊन ‘तू ख्रिस्त आहेस’ म्हणणारी तीच. मरीया तेव्हा घरात. पुढच्याच अध्यायात मार्था पुन्हा वाढतेय, या खेपेला तक्रारीचा शब्द नाही. माझं मत त्या मार्थेला.