72 तासांची गोळी: मेडिकल, अ‍ॅप आणि फोनवरच्या डॉक्टर, नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या नऊ महिन्यांत (आकडा योगायोगाचा, हसू नका) ही गोळी तीनदा शोधावी लागली. दोनदा मला, एकदा धाकट्या जावेला. गोळी म्हणजे दिवस राहू नयेत म्हणूनची लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, एकच, संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची. आपल्याकडे 2005 पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. निदान कागदावर तरी.

पहिल्यांदा शनिवारी रात्री कंडोम फाटला. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानात तीन गिऱ्हाइकं. "काका, ती 72 तासवाली गोळी द्या." काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "किट ना, पाच गोळ्यांचं? त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते, वहिनी." आता ते किट गर्भपाताचं: एक मिफेप्रिस्टोन, चार मिसोप्रोस्टॉल, दिवस गेल्यानंतरचं. मला हवी होती ती गोळी बीज बाहेर पडणं लांबवते; गर्भ राहिलेला असेल तर तिचा काही उपयोग नाही. हे सगळं झंडू बाम घ्यायला आलेल्या आजोबांसमोर समजावून सांगितलं. उत्तर आलं, "साहेबांना पाठवा." संध्याकाळी साहेब गेले आणि तीन मिनिटांत परत आले. एक प्रश्न नाही. वर पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत दिलेली. जितका उशीर तितका गोळीचा भरवसा कमी, आणि माझा सबंध दिवस यात गेला.

दुसऱ्यांदा अ‍ॅपवरून मागवली. 'आज पोहोचेल' लिहिलं होतं, आली दुसऱ्या दिवशी अकराला. वॉचमनचा इंटरकॉम सासूबाईंनी उचलला. "मेडिकलचं काय गं आलंय?" म्हटलं, व्हिटॅमिनची गोळी, आई. तरी अ‍ॅपला काउंटरपेक्षा जास्त मार्क देईन, भुवया उडवायला कुणी नसतं. फक्त हाताशी दीड-दोन दिवस असतील तरच मागवा.

त्रास म्हणाल तर पहिल्या वेळी दिवसभर मळमळ आणि पाळी पाच दिवस पुढे. दुसऱ्या वेळी थोडे डाग, आणि पाळी आठवडा उलटला तरी नाही. मग टेस्ट केली. बाथरूममधल्या स्टुलावर बसून दुसरी रेघ उमटत नाही ना ते बघत होते. नाही उमटली.

तिसरा अनुभव जावेचा, आणि हे लिहायला बसले तेही त्याचसाठी. ती सांगलीला असते, फिटसाठी कार्बामाझेपिन चालू आहे. मी सरळ सांगणार होते की मेडिकलमधून घे आणि मोकळी हो. ती म्हणाली, एकदा विचारूया. फोनवरच्या सल्ल्याचे 300 रुपये भरले, वीस मिनिटांत एका डॉक्टरबाईंचा फोन. किती तास झाले, शेवटची पाळी कधी, बाळ अंगावर पितं का, दुसरं कुठलं औषध चालू आहे? कार्बामाझेपिन ऐकल्यावर त्या थांबल्या. त्या औषधामुळे शरीर गोळीतलं हार्मोन झपाट्याने संपवतं, एका गोळीवर विसंबता येत नाही. पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं सगळ्यात खात्रीचं. ते जमणारच नसेल तर दुप्पट डोस. टीबीच्या रिफॅम्पिसिनचंही असंच, म्हणाल्या. ही 72 तासांची गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मेडिकलमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठी पीडीएफमध्ये आली, त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक. जावेने दुसऱ्या दिवशी तिकडेच कॉपर-टी बसवून घेतली.

म्हणजे गोळीसाठी चिठ्ठी लागत नाही, पण बाकी औषधं चालू असतील तर फोन कराच. आणि गावाकडच्यांसाठी: आशाताईंकडे ही गोळी 'इझी पिल' नावाने असते. माझ्या माहेरी हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आता एक पाकीट कपाटात ठेवलंय, एक्स्पायरी बघून. सासूबाई अधूनमधून विचारतात, "ती तुझी व्हिटॅमिनची गोळी मलाही आण ना, गुडघे धरलेत." परवा काकांकडूनच कॅल्शियमची स्ट्रिप आणली. तिला काळी पिशवी नव्हती.