व्हिडिओ ॲपवरचा पॉप चॅनेल: महिनाभर बघून लिहितेय, घरात मुलं असतील तर वाचाच

घरात मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा आणि दोघांनाही डान्सचं वेड, म्हणून आम्ही एका व्हिडिओ ॲपचा फॅमिली प्लॅन घेतला. त्यात पॉप गाण्यांच्या व्हिडिओंचा वेगळा चॅनेल आहे, ऐंशीच्या दशकापासून आत्तापर्यंतचा. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण दोन मैत्रिणींकडे वेगवेगळी ॲप्स आहेत आणि त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच चाललंय.

आधी जे चांगलं आहे ते सांगते. पिक्चर क्वालिटी मस्त, जुने व्हिडिओसुद्धा साफ करून टाकलेत, आवाज कुठेही फुटत नाही. दशकानुसार लावलेत ही कल्पना तर मला फारच आवडली. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं आणि त्यानंतर गाणं नुसतं ऐकायचं राहिलंच नाही, दिसायला कसं आहे ते आधी आणि बाकी सगळं नंतर. तो प्रवास एका जागी सलग बघायला मिळणं ही खरंच मोठी सोय आहे.

आता किड्स मोड. चालू केला आणि मी निर्धास्त झाले, आठवडाभर स्वयंपाक करता करता नुसतं कानावर पडायचं, शिव्या नाहीत, घाण शब्द नाहीत, म्हटलं चला बरं झालं. मग एका संध्याकाळी दोघांचा आरशासमोर सराव चालला होता तो दारात उभं राहून बघितला. गाणं एकच, व्हिडिओ एकच. लेक आरशाकडे पाठ करून उभी, मग खांद्यावरून हळूच मागे बघायचं, ओठ थोडे उघडे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि थांबायचं. एवढीच स्टेप. ते थांबणं बरोब्बर जमेपर्यंत ती परत परत करत होती. धाकटा तिच्या शेजारी पाय फाकवून, हात बांधून, हनुवटी वर करून उभा, चेहऱ्यावर एक रेषा हलत नव्हती. मध्येच बोट रोखून कुणावर तरी ओरडल्यासारखं करायचा. दोघांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. समोर जे दिसलं त्यातून मुलीने मुलीचं उचललं, मुलाने मुलाचं उचललं.

त्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन सगळं नीट वाचलं तेव्हा कळलं की तो फिल्टर फक्त शब्द बघतो. गाण्यावर 'ई' चा ('एक्सप्लिसिट', म्हणजे शब्द मुलांसाठी नाहीत) शिक्का असेल तर किड्स मोडमधून गाणं गायब, नसेल तर चालू द्या. चित्रात काय आहे ते कुणी तपासतच नाही. याचं मूळ जुनं आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत सिनेटसमोर गाण्यांतल्या भाषेवरून सुनावणी झाली आणि रेकॉर्ड कंपन्यांनी पालकांसाठी इशाऱ्याचा शिक्का छापायचं मान्य केलं. तो शिक्का ऐकण्यासाठी होता, आजचं 'ई' अक्षर त्याचंच नातवंड, आणि तेच आपण बघण्यासाठी वापरतोय. चित्र बघून वयाचा शिक्का देता येतच नाही असंही नाही बरं का. ब्रिटनमध्ये सिनेमांना वयाचं सर्टिफिकेट देणारी बीबीएफसी नावाची संस्था आहे, तिने २०१४ मध्ये सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन व्हिडिओंना १२, १५, १८ असे शिक्के द्यायचा प्रयोग सुरू केला. यूट्यूब आणि व्हेवो (गाण्यांच्या व्हिडिओंची साइट) त्यात होते, २०१५ मध्ये तो कायम केला. पण तो ब्रिटनमध्ये बनलेल्या व्हिडिओंपुरता, म्हणजे जे अमेरिकेतून येतं आणि सगळ्यात जास्त बघितलं जातं ते बाहेरच.

मग मी एक केलं, आणि तुम्हीही एकदा करून बघाच. आवाज पूर्ण बंद. कागदावर दोन रकाने काढले, एकात तो काय करतोय, दुसऱ्यात ती काय करतेय. ठरवलं होतं की कपड्यांबद्दल काहीच लिहायचं नाही, कारण कपड्यांवर बोलायला लागलं की भांडण दुसरीकडेच जातं आणि पोरीच्याच अंगावर येतं. त्याचा रकाना भराभर भरला. गाडी चालवतो, गिटार वाजवतो, पळतो, मारामारी करतो, नोटा उडवतो, दार उघडून आत येतो. तिच्या रकान्यात क्रियापदच सापडेना. उभी आहे, पडली आहे, केस उडतायत (ते पण पंख्याने), बघते आहे. धाकटा शेजारी येऊन बसला आणि एका व्हिडिओला बोट लावून म्हणाला, "आई, हिला गाडीत का बसवत नाहीत?" तो स्टीअरिंगवर आणि ती बॉनेटवर. नऊ वर्षांच्या पोराला आवाज बंद केल्यावर जे दिसलं ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं, कारण गाणं चालू असलं की पाय हलतात आणि डोळे बाकी सगळं सोडून देतात.

कॅमेऱ्याचंही तसंच. त्याला दाखवायचं तर आधी चेहरा. तिला दाखवायचं तर घोट्यापासून सुरुवात, मग वर वर सरकत जायचं, चेहरा आला तर शेवटी आणि कधी कधी येतच नाही. एका व्हिडिओत कंबर होती, खांदा होता, हात होते आणि ती मुलगी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी सिनेमाबद्दल १९७५ मध्येच हे लिहून ठेवलंय, कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याने बघतो, तो बघणारा आणि ती बघायची वस्तू. 'मेल गेझ', म्हणजे पुरुषी नजर, हा शब्द तिथूनच आला. फरक इतकाच की सिनेमा आपण एकदा बघतो आणि गाण्याचा व्हिडिओ पोरं दिवसातून वीस वेळा बघतात.

गाणं काढून टाकून बघायची ही युक्ती माझी नाही. सट जॅली नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९० मध्ये एमटीव्हीवरचे तुकडे घेतले, त्यांचं मूळ संगीत काढलं, त्यावर स्वतः बोलले आणि 'ड्रीमवर्ल्ड्स' म्हणून फिल्म केली, विद्यार्थ्यांना वर्गात दाखवायला. एमटीव्हीने कोर्टाची धमकी दिली होती त्यांना. इतकं का झोंबलं ते आवाज बंद केल्याशिवाय कळत नाही.

चॅनेलवर ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात एक जोडी आहे ती मुलांबरोबर मुद्दाम बघा. पहिला १९८६ चा, रॉबर्ट पामरचा 'ॲडिक्टेड टू लव्ह'. मध्ये तो, शर्ट टाय घालून, गातोय. मागे पाच मॉडेल, सगळ्यांचे केस एकसारखे मागे ओढलेले, काळे कपडे, लाल ओठ, हातात गिटार आणि समोर ड्रम. आवाज बंद करून त्यांचे हात बघा, कुणी वाजवत नाहीये. वाद्य हातात आहे पण काम नाही. दुसरा १९९९ चा शनाया ट्वेनचा, 'मॅन! आय फील लाईक अ वुमन!', त्यात हेच सगळं उलटं केलंय. मध्ये ती आणि मागे एकसारखे निर्विकार पुरुष वाद्यं घेऊन. लेकीला भयंकर आवडला, मलाही आवडला, पण पॉज करून करून बघितल्यावर एक गोष्ट खटकली ती खटकलीच. सुरुवातीला ती टोपी, लांब कोट घालून येते आणि गाणं पुढे जाईल तसं एकेक उतरवत जाते. पामरने साधा टायसुद्धा सैल केला नव्हता. जागा बदलली, पण अंगावरचं कमी कुणी करायचं ते तेच राहिलं. हे मी लेकीला सांगितलं नाही, तिने स्वतः विचारलं, की मग मागचे ते पुरुष का नाही कोट काढत. याचं उत्तर मला देता आलं नाही.

म्हणून मला सिंडी लॉपरचा १९८३ चा 'गर्ल्स जस्ट वॉन्ट टू हॅव फन' या सगळ्यांपेक्षा जास्त चांगला वाटतो. गाणं मुळात रॉबर्ट हॅझर्ड या पुरुषाने पुरुषाच्या तोंडी लिहिलेलं, तिने शब्द बदलून घेतले तेव्हा कुठे ते मुलींचं झालं. व्हिडिओत आईचं काम तिच्या खऱ्या आईने केलंय आणि वडील म्हणून लू अल्बानो नावाचा कुस्तीवाला. बाप बोट नाचवत दटावायला येतो आणि ती त्याचा हात पाठीमागे पिरगाळून त्याला भिंतीला टेकवते. माझ्या कागदावर तिचा रकाना पहिल्यांदा भरला. नाचते, पिरगाळते, फोनवर बोलते, रस्त्यावरून मैत्रिणींची वरात घेऊन जाते, खोलीत माणसं कोंबते इतकी की दार उघडल्यावर सगळी बाहेर पडतात. अंग बघायला लावणारा शॉट मला सापडला नाही. एमटीव्हीने १९८४ मध्ये पहिल्यांदा पुरस्कार दिले तेव्हा सर्वोत्कृष्ट स्त्री व्हिडिओचा पुरस्कार यालाच मिळाला. म्हणजे लोकांना असं आवडत नाही, विकलं जात नाही, हे कारण तेव्हाच खोटं ठरलं होतं.

दिग्दर्शक बाई असली की प्रश्न सुटतो असंही नाही. 'ब्लर्ड लाइन्स' २०१३ चा, दिग्दर्शिका डायान मार्टेल. तीन पुरुष सूटबुटात आणि बायका जवळजवळ उघड्या. एकाच खोलीत. बायकांना मुद्दाम कॅमेऱ्याकडे रोखून बघायला सांगितलं होतं म्हणजे सत्ता त्यांच्याकडे राहील, असं तिचं म्हणणं. मी ते मनावर घेऊन परत बघितला. बघतात खऱ्या, पण खोलीत कुणाला थंडी वाजत असेल आणि कुणाला नाही ते एका फ्रेममध्ये कळतं. ब्रिटनमधल्या कितीतरी विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनांनी ते गाणं आपल्या कार्यक्रमांत वाजवायचंच बंद केलं होतं. हा मुलांना दाखवू नका, एकट्याने बघा.

मुलासाठी मात्र मी शोधून लावला तो टेलर स्विफ्टचा 'द मॅन', २०२० चा. मेकअप करून तिनेच पुरुषाचं काम केलंय आणि दिग्दर्शनही तिचंच. ट्रेनमध्ये पाय पसरून बसलाय, शेजारची बाई आक्रसून बसलीये. शेवटी दिग्दर्शिका त्या पुरुषाला सांगते की आणखी थोडा मादक हो, आणखी आवडण्यासारखा हो. धाकटा हसला नाही, गप्प झाला. मग म्हणाला, मी पण असाच बसतो ना. मी त्याला जवळ घेतलं, कारण त्याच्यावर आरोप करायला तो व्हिडिओ लावलाच नव्हता. मला त्याची पण तेवढीच काळजी आहे. या चॅनेलवरच्या पुरुषाला रडायची परवानगी नाही, मित्राला मिठी मारायची नाही, गाडी आणि पैसे नसतील तर त्याच्याकडे कॅमेरा वळतच नाही. नऊ वर्षांचा मुलगा हनुवटी वर करून चेहरा दगडासारखा ठेवायचा सराव करतो हे बघायला मला फार वाईट वाटलं, लेकीच्या त्या पोझइतकंच वाईट.

ॲपच्या आणखी दोन गोष्टी. पहिली ऑटोप्ले. लॉपरनंतर काय येईल ते तुमच्या हातात नाही, आमच्याकडे तिसऱ्या चौथ्या व्हिडिओला परत ती बॉनेटवाली येतेच. बंद करता येतो पण प्रत्येक प्रोफाइलमध्ये वेगळा बंद करावा लागतो, एकदा मी विसरले आणि तासभर चालू राहिलं. दुसरी, व्हिडिओखाली दिग्दर्शकाचं नावच देत नाहीत. गायक आहे, कंपनी आहे, किती वेळा बघितलं ते आहे, पण ज्याने ठरवलं की कॅमेरा घोट्यापासून सुरू करायचा तो माणूस कुठेच नाही. सिनेमाला नाव देता ना, मग याला का नाही. साधी एक ओळ आहे.

कस्टमर केअरला हे सगळं लिहिलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय संबंधित टीमकडे पाठवला आहे आणि किड्स मोड कसा चालू करायचा त्याची लिंक. तो चालूच आहे हे मी पहिल्या ओळीत लिहिलं होतं. परत लिहिलंय.

रेटिंग द्यायचं तर चित्र आवाजाला ५ पैकी ५, जुन्या संग्रहाला ४, किड्स मोडला १, तोही शिव्या खरंच अडवतो म्हणून. घ्यायचा असेल तर घ्या, पण मुलांना एकटं सोडून नाही, आधी स्वतः तासभर म्यूट करून बघा, ऑटोप्ले सगळ्या प्रोफाइलमधून काढा आणि स्वतःची लिस्ट बनवा. आमच्या लिस्टमध्ये सध्या चौदा व्हिडिओ आहेत, नियम लेकीने केलाय की तिच्या रकान्यात तीन तरी क्रियापदं हवीत, आणि काल रात्री त्या दोघांचं भांडण चाललं होतं की 'केस उडवते' हे धरायचं की नाही, पंखा लावला असेल तर.