मिडनाइट: राक्षस दिसत नाही तरी अंगावर काटा येतो

डॉक्टर हू ही डॉक्टर नावाच्या नायकाची ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिका १९६३ मध्ये सुरू झाली, पण माझ्यासाठी सगळ्यात भीतीदायक एपिसोड म्हणजे २००८ चा मिडनाइट, रसेल टी डेव्हिसने लिहिलेला. हिऱ्यांचा ग्रह, बाहेर असं ऊन की माणूस क्षणात खाक, आणि बंद पडलेल्या गाडीत अडकलेली मोजकी माणसं. आतून ठोठावलं की बाहेरून तसंच उत्तर येतं!

राक्षस शेवटपर्यंत दिसत नाही बरं का, नुसता स्काय नावाच्या बाईत शिरतो आणि ती सगळ्यांचं बोलणं म्हणायला लागते, आधी मागून, मग बरोबरीने, आणि मग डॉक्टरच्या आधी... तिथे पोटात गोळाच येतो. स्काय झालेल्या लेस्ली शार्पचे ते रोखलेले डोळे आणि डॉक्टर झालेल्या डेव्हिड टेनंटचा गोठलेला चेहरा, काय काम केलंय दोघांनी!

पण खरी भीती वाटते बाकीच्या प्रवाशांची, मगाशी हसतखेळत गप्पा मारणारी साधी माणसं घाबरली की एकाला उचलून बाहेर फेकायलाच निघतात. वाचवते ती गाडीतली होस्टेस, स्वतःचा जीव देऊन, आणि शेवटी कळतं की तिचं नाव कुणालाच माहीत नाही. तिथे मी दरवेळी रडते. पाचपैकी पाच, रात्री हेडफोन लावून बघा.