लाकडी डब्याला चामडं चढवायचंय? गोव्याच्या हवेत साल-हिरड्याचं घ्या, क्रोम घ्या की सरळ रेग्झीन

हातानं चामडं चढवायचं ठरवलं की पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, कुठलं चामडं घेऊ. माझं म्हणणं, ते नंतर. आधी तो डबा जून ते सप्टेंबर कुठे राहणार आहे ते सांगा. बंद कपाटात, कोंदट खोलीत, की टेबलावर जिथं रोज हात लागतो आणि पंखा फिरतो? पुण्यात केलेला डबा आणि गोव्यातल्या पेडण्यात केलेला डबा यांचं नशीब एक नसतं, आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली यायला तयार नसते आणि साधारण सत्तरच्या वर गेली की चामड्यावर बुरशी धरायला लागतेच. त्यामुळे खाली जे लिहितोय ते आपल्या हवेच्या हिशोबानं.

आधी साल-हिरड्याचं, म्हणजे ज्याला हल्ली सगळे व्हेज टॅन म्हणतात ते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलांचं चामडं हेच. (कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात आपल्याला जवळचे बेळगाव आणि धारवाडही आहेत, म्हणजे चोर्ला घाट चढलात की माल मिळायच्या पट्ट्यात आलात.) याचा मोठा गुण म्हणजे ओलं केलं की ते ऐकतं. स्पंजनं बाहेरून सारखं ओलसर करा, कोपऱ्यावर ओढा, चमच्याच्या पाठीनं घासून दाबा, वाळलं की घडी तशीच राहते, धार कडक दिसते. हा गुण क्रोममध्ये नाही. वापरात रंगही सुंदर गडद होत जातो, तेल आणि हात लागून. फक्त ओलं करायचं म्हणजे सगळीकडे सारखं करायचं, एकाच जागी पाणी पडलं तर तिथं डाग राहतो.

दोष? एक म्हणजे बुरशी याला लवकर धरते. दुसरा दोष कमी जणांना माहीत असतो: लोखंड. यातल्या टॅनिनचा, म्हणजे साल-हिरड्यातल्या तुरट द्रव्याचा, ओलेपणात लोखंडाशी संबंध आला की काळा डाग पडतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजणार हे ठरलेलंच. म्हणून खिळे, बिजागरी, कडी सगळं पितळेचं. जुन्या पोर्तुगीज पद्धतीच्या खुर्च्या बघा, नक्षीचं चामडं आणि कडेनं मोठे गोल पितळी खिळे. स्टीलची पट्टी ओल्या चामड्यावर ठेवून कापायचं असेल तरी मध्ये कागद घाला.

आणि चपलेच्या तळाचं चामडं डब्यासाठी आणू नका. ते तीन मिलीमीटरच्या पुढे जातं, कोपऱ्यावर वळणारच नाही. डब्याला एक, फार तर सव्वा मिलीमीटर, आणि जिथं घडी आत वळते तिथं रापीनं, म्हणजे चांभाराच्या चामडं छिलायच्या हत्यारानं, आतल्या बाजूनं छिलून निम्मं करायचं. रापीला धार नसेल तर हे काम करू नका, चामडं फाटतं आणि तुम्ही चामड्याला शिव्या देता.

आता क्रोम, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. बाजारात जॅकेट, पर्स, सोफा असं बहुतेक हेच. कमावायला महिने नाही लागत, स्वस्त पडतं, रंग हवा तो मिळतो, मऊ असतं, पाण्याला तुलनेनं कमी घाबरतं, आणि बुरशीला पहिल्यापेक्षा थोडं उशिरा बळी पडतं. उशिरा म्हणतोय, पडतच नाही असं नाही, बंद कपाटात ठेवलेल्या पर्सची जूनमधली अवस्था आपण सगळ्यांनी पाहिलीय. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा, मधोमध निळसर करडा पट्टा दिसला तर क्रोम. दोष म्हणजे घडी धरत नाही. ओलं करून दाबलं तरी वाळल्यावर परत फुगतं, त्यामुळे कोपरे गोलाकारच दिसतात. कडक, पुस्तकासारखी धार हवी असेल तर क्रोमच्या नादी लागू नका, पण डब्याच्या कडा आधीच गोल घासलेल्या असतील आणि मऊ गुबगुबीत दिसणं चालत असेल तर क्रोम हातात सोपं आहे. पहिलाच डबा असेल तर मी क्रोमच सांगेन, सरळ.

रेग्झीनबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. सोफा शिवणाऱ्याकडे मिळतं, स्वस्त, पुसता येतं. पण हल्ली जे पीयू लेदर म्हणून मऊ मऊ विकतात ते दमट हवेत आतून विघटित होतं आणि काही वर्षांत पापुद्रे सुटून हाताला लागतात. जुन्या पद्धतीचं पीव्हीसी जास्त टिकतं, दिसतं मात्र रिक्षाच्या सीटसारखं. देवाचे दागिने किंवा पूजेचं सामान ठेवायचा डबा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं चामडं आणलंत तर घरात कोणी आत येऊ देणार नाही, तिथं रेग्झीन नाहीतर जाड कापड.

कोणीतरी विचारतंच की घुमटाचं, म्हणजे आपल्या त्या मातीच्या वाद्याचं, कातडं चालेल का. घुमट २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य झालं, पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आता बकरीचं लावतात. पण ते कमावलेलं नसतं, कच्चं असतं. पावसात सैल पडतं म्हणून तर शेकून घेतात. डब्यावर लावाल तर जुलैत पोट सुटेल आणि जानेवारीत ओढून कडा उचलेल. कमावलेलं बकरीचं असेल तर मात्र उत्तम, पातळ, पुस्तकं बांधायला वापरतात तसं, लहान डब्याला मी तेच निवडतो.

चामडं ठरलं की गोंद आपोआप ठरतो, आणि इथंच लोक उलटं करतात, आधी गोंदाचा डबा आणून ठेवतात. ओलं करून बसवायचं साल-हिरड्याचं चामडं असेल तर पांढरा फेव्हिकॉल किंवा मैद्याची खळ. कारण कॉन्टॅक्ट गोंद, तो पिवळा, वास येणारा, ओल्या चामड्याला धरत नाही. क्रोम असेल, कोरडं लावायचं असेल, तर कॉन्टॅक्ट बरा.

तीन गोंदांचं असं आहे. खळ सगळ्यात सरकती, चामडं जागेवर फिरवून नीट करायला भरपूर वेळ देते, पुढे कधी उखडायची वेळ आली तर पाण्यानं सुटते, म्हणून पुस्तक बांधणारे तिलाच मानतात. पण मैदा म्हणजे बुरशीला आणि कसरीला जेवण. जुने बांधणीवाले म्हणून तर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे. तो विषारी, तो घातलात तर खाण्याच्या वस्तूंच्या डब्याला ही खळ नकोच. पांढरा फेव्हिकॉल मधला मार्ग. काही मिनिटं सरकवायला देतो, धरतो घट्ट, किडा लागत नाही, पण आपल्याकडे पावसाळ्यात सुकायला पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतो, दाबून एक पूर्ण दिवस ठेवा आणि घाईत क्लॅम्प काढू नका. कॉन्टॅक्ट दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच टेकवायचं. टेकवला की गेला, माघार नाही. पाऊस चालू असताना हा लावूच नका, त्यातलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पकड कमजोर होते. शिवाय खिडक्या उघड्या, जवळ दिवा-गॅस नाही.

आता लाकूड. सावंतवाडीहून आणलेला कोरा डबा असो की घरच्या फणसाचा मेस्त्रीकडून करून घेतलेला, वाळलेला हवा. भरीव रुंद फळी पावसात आडवी फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वर चामडं घट्ट चिकटलेलं असलं की ताण सांध्यावर येतो, चामड्याला सुरकुती पडते नाहीतर सांधा उघडतो. म्हणून मोठ्या डब्याला चांगला वॉटरप्रूफ प्लाय जास्त भरवशाचा. एमडीएफ नको, कड ओली झाली की फुगतो. सागवान तेलकट असतं, थिनरनं पुसून घ्या. जुनं पॉलिश असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय कुठलाच गोंद लाकडाला नाही, पॉलिशलाच चिकटतो.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही आणि त्यावरच डबा बंद होतो की नाही ठरतं. झाकणाच्या कडेवर चामडं वळवलं, खालच्या कडेवरही वळवलं, म्हणजे दोन्हीकडची जाडी मिळून दोन मिलीमीटर फट आली. बिजागरी आधी बसवलेली असेल तर मागून दाबलं जातं आणि पुढून झाकण उघडं राहतं. त्यामुळे बिजागरी आधी काढा, चामडं चढवा, मग खाच करून परत बसवा, आणि वळवलेली कड अर्ध्या मिलीमीटरपर्यंत छिला. झाकण बाहेरून बसणारं असेल तर आणखी त्रास, तिथं आतल्या भिंती दोन्ही बाजूंनी घासून घ्याव्या लागतात, सुताराला डबा करायला सांगतानाच सांगून ठेवा.

एकसंध तुकडा की बाजूगणिक वेगळे? एकसंध लावला की सांधे कमी दिसतात पण कोपऱ्यावर चार थर एकावर एक येतात, छिलायचं काम दुप्पट. वेगळे तुकडे लावून कोपऱ्यावर पितळी खिळे मारणं जास्त सोपं, शिवाय ओलेपणानं एखादा तुकडा उचलला तर तेवढाच काढता येतो. मला आपल्या हवेत दुसरं जास्त पटतं, दिसायला जरा कमी सफाईदार असलं तरी. मालाचा अंदाज सांगायचा तर ३० बाय २० बाय १२ सेंटीमीटरच्या डब्याला, वळवायची कड आणि नासधूस धरून, पाच चौरस फूट घ्या, चार पुरतील असं वाटतं पण कातड्यावर ओरखडे आणि भोकं असतातच.

तर माझा कल सांगतो. रोज वापरात, उघड्यावर राहणारा, दिसायला भारी हवा तर साल-हिरड्याचं किंवा कमावलेलं बकरीचं, पांढरा फेव्हिकॉल, पितळी खिळे. गावच्या बंद घरात वर्षभर पडून राहणारा असेल तर क्रोम, कॉन्टॅक्ट, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर ओल जावी म्हणून कपाटात बल्ब लावतो तिथंच हा डबाही ठेवा. पांढरी बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वारा द्या, कडक उन्हात टाकू नका, चामडं तडकतं. चवथीला (गणेश चतुर्थीला) कोणाला भेट द्यायचा विचार असेल तर चिकटवायचं काम मे महिन्यातच उरकून टाका, ऑगस्टमध्ये सुरू कराल तर फेव्हिकॉल तरी सुकेल नाहीतर तुम्ही तरी.