सेंट, हॅव सेंट की हॅड सेंट? मराठीत विचार करून इंग्रजी काळ निवडताना

मेल लिहिताना बोटं अडतात ती बहुतेक वेळा एकाच जागी. 'आय' टाइप केलं, आता पुढे सेंट, हॅव सेंट की हॅड सेंट? शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ केलेला असतो, गो वेंट गॉन घडाघडा म्हणता येतं, आणि तरी ऐन वेळी आपण अंदाजपंचे एक टाकून मोकळे होतो. त्यात तक्त्याचा दोष नाही म्हणा, तो रूप कसं बनवायचं ते सांगतो, कुठलं निवडायचं ते सांगणं त्याचं कामच नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, 2000 पासून ते पहिलीलाच आलं, पण भाचीची वही चाळली तर तक्ता तोच आणि त्याखाली लाल पेनाने लिहिलेलं सूत्रही तेच: शेवटी 'आहे' आलं की हॅव, 'होतं' आलं की हॅड.

ती सध्या आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय. मला म्हणाली, मामा, तिन्हींचा अर्थ एकच तर आहे ना, पाठवलं म्हणजे पाठवलं! म्हणून तिच्यासाठी जोड्या लावल्या, त्याच इथे टाकतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की ते लाल पेनाचं सूत्र निम्म्या वेळा फसवतं. मराठी क्रियापदाची शेपटी बघून इंग्रजी काळ ठरवू नका, वाक्यातली वेळ बघा, ती संपलीय की अजून चालू आहे ते बघा, आणि मग ठरवा.

सेंट की हॅव सेंट

मराठीत 'अहो, मी कालच पाठवलाय मेल' हे एकदम बरोबर वाक्य आहे. सूत्र लावलं तर होतं 'आय हॅव सेंट द मेल यस्टर्डे', आणि हे इंग्रजीत चालत नाही. काल हा दिवस संपला, त्याचं खातं बंद झालं. काल, गेल्या आठवड्यात, 2019 मध्ये, दोन तासांपूर्वी, असा बंद झालेला वेळ वाक्यात आला की सिंपल पास्ट, म्हणजे साधा भूतकाळ, 'आय सेंट इट यस्टर्डे', विषय संपला. वेळ सांगायचीच नसेल, फक्त काम झालंय आणि मेल आता तुमच्या इनबॉक्समध्ये आहे एवढंच कळवायचं असेल, तर 'आय हॅव सेंट द फाइल'. म्हणजे पहिल्यात लक्ष कधी पाठवलं याच्यावर आहे, दुसऱ्यात आत्ता काय स्थिती आहे याच्यावर.

यातली गंमत 'धिस मॉर्निंग'ला कळते. सकाळी अकराला तुम्ही म्हणू शकता 'आय हॅव हॅड थ्री मीटिंग्ज धिस मॉर्निंग', कारण सकाळ अजून चालू आहे, चौथी मीटिंगही येऊ शकते (येतेच). तेच दुपारी चारला सांगताना 'आय हॅड थ्री मीटिंग्ज धिस मॉर्निंग' होतं. 'धिस मॉर्निंग' तेच, मीटिंगाही त्याच, फक्त घड्याळ पुढे गेलं.

माणसांच्या बाबतीतही असंच खातं असतं. सचिन खेळत होता तेव्हा 'ही हॅज स्कोअर्ड अ हंड्रेड हंड्रेड्स' म्हणणं अगदी बरोबर होतं, कारण एकशे एकावं येण्याची आशा होती. पण 'ही स्कोअर्ड हिज हंड्रेड्थ हंड्रेड इन मार्च 2012' इथे तारीख आली, म्हणून तेव्हाही हॅज चाललं नसतं. आणि नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर शेवटची टेस्ट खेळून तो बाहेर पडल्यावर त्याच्या करिअरची गोष्ट सांगताना साधं 'स्कोअर्ड'च बरं वाटतं.

तर यातलं कुठलं घ्यायचं? शंका असेल आणि वाक्यात बंद झालेल्या वेळेचा शब्द असेल तर डोळे मिटून सिंपल पास्ट घ्या. वेळेचा शब्द नसेल आणि 'झालंय बरं का' असा सूर असेल तर हॅव. 'तू कधी गोव्याला गेला होतास का' हे मात्र 'हॅव यू एव्हर बीन टू गोवा', तिथे मराठीतला 'होतास' बघून हॅड लावलं तर गेलात. तसंच 'गॉन' आणि 'बीन'. 'ही हॅज गॉन टू नाशिक' म्हणजे गेलाय आणि तिथेच आहे, 'ही हॅज बीन टू नाशिक' म्हणजे जाऊन आलाय. आपण 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय' असा फरक करतो ना, अगदी तोच, त्यामुळे हा खरं तर आपल्याला सोपा जायला हवा.

सिंपल पास्ट की हॅड

हा माझा स्वतःचा जखमी विषय. नोकरीला लागलो तेव्हा क्लायंट सपोर्टला होतो, पहिल्याच महिन्यात परदेशातल्या एका बाईंना लिहिलं, 'आय हॅड सेंट द रिपोर्ट ऑन फ्रायडे'. मला म्हणायचं होतं, शुक्रवारी पाठवला होता की मॅडम. त्यांचं उत्तर आलं, थोडक्यात असं: बरं, शुक्रवारी पाठवला होता, मग पुढे काय झालं, मागे घेतलात का, नवीन येतोय का? मी स्क्रीनकडे बघत बसलो. शेजारचा सीनियर हसून म्हणाला, अरे हॅड काढ, नुसतं सेंट लिही. तेव्हा पटलं नव्हतं, कारण मराठीत माझं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं.

झालं काय होतं, की मराठीत 'होता' आपण सढळ हाताने वापरतो. 'रविवारी नाशिकला गेलो होतो', 'काल डॉक्टरांकडे गेले होते', 'मागच्या महिन्यात फोन केला होता तुम्हाला'. आपल्या 'होतो'त दोन अर्थ आहेत, एक म्हणजे गोष्ट होऊन गेली, जाऊन परतही आलो, आणि दुसरा थोडा आठवण करून देण्याचा, 'सांगितलं होतं ना तुला' वाला. इंग्रजी हॅडमध्ये यातलं फारसं काही नाही. त्याचं काम एकच, भूतकाळातल्या एका गोष्टीच्या आधी दुसरी गोष्ट झाली होती हे दाखवणं. म्हणजे हॅड एकटा येत नाही, त्याला जोडीला दुसरी घटना लागते, आणि ती नसली की वाचणारा तिची वाट बघत बसतो, त्या बाई बसल्या तशा.

धावतपळत पुणे स्टेशनला पोचलो तर डेक्कन क्वीन सुटली होती. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'. इथे हॅड पाहिजेच, कारण इथे 'व्हेन आय रीच्ड, द ट्रेन लेफ्ट' लिहिलं तर अर्थ होतो मी पोचलो आणि तेवढ्यात गाडी हलली, म्हणजे थोडं पळालो असतो तर मिळाली असती. एका हॅडमध्ये पूर्ण गाडी गेली! पण मागेपुढे 'आफ्टर' किंवा 'बिफोर' असेल तर क्रम त्यातच कळतो, मग हॅड नाही लावला तरी कुणी काही म्हणत नाही, 'द ट्रेन लेफ्ट बिफोर आय गॉट देअर' मस्त चालतं.

ऑफिसच्या मेलमध्ये निवड करायची झाली तर माझा सल्ला एकदम एकतर्फी आहे, सिंपल पास्ट घ्या. हॅड लिहिलात की थांबा आणि विचारा, कशाच्या आधी? उत्तर त्याच वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात सापडलं तर ठेवा, नाहीतर खोडा. मी माझे जुने मेल काढून बघितले तेव्हा बहुतेक सगळे हॅड खोडावे लागले असते.

सिन्स की फॉर, आणि 'राहतोय'चं काय करायचं

'दहा वर्षांपासून पुण्यात राहतोय' याचं 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स' होतं आणि त्यात एक नाही, दोन गडबडी आहेत. आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो, 2014 पासूनही आणि दहा वर्षांपासूनही. इंग्रजीत सिन्सला सुरुवातीचा खुंटा लागतो, सिन्स 2014, सिन्स मंडे, सिन्स माय वेडिंग, आणि मोजलेला काळ असेल तर फॉर, फॉर टेन इयर्स. सोपी युक्ती म्हणजे मराठीत 'गेली दहा वर्षं' असं म्हणता येत असेल तर फॉर.

दुसरी गडबड 'ॲम लिव्हिंग'ची. आपण साध्या चालू वर्तमानात भागवतो, इंग्रजीला मात्र मागून चालत आलेलं आत्तापर्यंत पोचलं हे दाखवायला हॅव लागतंच. मग 'हॅव लिव्हड' की 'हॅव बीन लिव्हिंग'? राहणं, नोकरी करणं, शिकवणं यांच्यात दोन्ही चालतात, फरक नावालाच, उगाच डोकं लावू नका. फरक पडतो तो 'आय हॅव बीन रीडिंग द रिपोर्ट' आणि 'आय हॅव रेड द रिपोर्ट' मध्ये, पहिल्यात वाचन चालू आहे किंवा मधेच सोडलंय, दुसऱ्यात वाचून झालाय. बॉसने विचारल्यावर यातलं कुठलं बोलताय त्यावर बरंच काही अवलंबून असतं.

नुसतं 'सिट' की 'सिटिंग'

इथे सूत्र दुसऱ्या बाजूने फसवतं. तो खुर्चीवर बसलाय, तिने निळी साडी नेसलीय, बाळ झोपलंय. तिन्हीकडे शेवटी आहे, म्हणजे हॅज? नाही, 'ही इज सिटिंग', 'शी इज वेअरिंग अ ब्लू सारी', 'द बेबी इज स्लीपिंग'. मराठी म्हणते क्रिया झाली आणि स्थिती उरली, इंग्रजी ती स्थितीच चालू धरते. 'मला भूक लागली' यात तर आपण भूतकाळ वापरतो आणि इंग्रजीत साधं 'आय ॲम हंग्री'.

याच्या उलट, आयएनजीचा सोस. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'आय ॲम नोइंग हिम'. मालकी, माहिती, आवड, गरज या करायच्या गोष्टी नाहीत, असायच्या गोष्टी आहेत, तिथे साधं रूप घ्या, 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय डोंट अंडरस्टँड'. पण 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर, कारण जेवण ही क्रिया आहे, भाऊ ही नाही.

विल, गोइंग टू की नुसतं आयएनजी

भविष्यात मात्र मराठी आपल्या बाजूने आहे, आणि हे शाळेत कुणी सांगितलं नाही याचा मला राग आहे. 'उद्या मुंबईला जातोय', तिकीट काढलंय, ठरलंय: 'आय ॲम गोइंग टू मुंबई टुमॉरो'. 'यंदा गाडी घेणार आहे', मनात पक्कं आहे, अजून शोरूम पाहिलेली नाही: 'आय ॲम गोइंग टू बाय अ कार'. 'जमलं तर येईन': 'आय विल कम इफ आय कॅन'. अगदी तंतोतंत नाही, पण नव्वद टक्के वेळा तुमचा मराठी कान बरोबर सांगेल.

कान फसतो तो दोन जागी. एक, 'मी करतो', 'मी पाठवतो', 'थांबा, मी बघतो'. हे आपलं वर्तमानातलं आश्वासन इंग्रजीत विल मागतं, 'आय विल सेंड इट', 'आय विल चेक'. लोक तिथे 'आय वुड सेंड इट' लिहितात कारण वुड जास्त नम्र वाटतं, पण वाचणाऱ्याला वाटतं पाठवला असता, पण... आणि तो तुमच्या 'पण'ची वाट बघतो. दोन, 'तो आला की सांगतो', 'पाऊस आला तर मॅच रद्द'. आपण आला म्हणतो, इंग्रजी 'व्हेन ही कम्स', 'इफ इट रेन्स' म्हणते, आणि आपण धास्तीने 'व्हेन ही विल कम' लिहितो. व्हेन आणि इफच्या त्या तुकड्यात विल नको, तो दुसऱ्या तुकड्यात जातो.

आणि आपलं ते 'निघालो'! परवा भाचीला फोन केला, कुठे आहेस, तर म्हणे 'निघाले मामा', मागे हेअर ड्रायरचा आवाज. याचं 'आय हॅव लेफ्ट' करू नका, इंग्रजीत ते खोटं ठरतं, 'आय ॲम जस्ट लीव्हिंग' म्हणा, त्यातही थोडं खोटं आहे पण खपतं.

अमेरिका की ब्रिटन

हे शेवटी ठेवलं कारण याने वरचं थोडं सैल होतं. आत्ताच झालेल्या गोष्टीला ब्रिटिश माणूस बहुधा हॅव लावतो, 'आय हॅव जस्ट ईटन', 'हॅव यू फिनिश्ड यट'. अमेरिकन माणूस बिनधास्त 'आय जस्ट एट', 'डिड यू फिनिश यट' म्हणतो. त्यामुळे टीम अमेरिकेत असेल तर जस्ट आणि ऑलरेडीच्या बाबतीत फार घाबरू नका, दोन्ही चालतं. 'हॅव सेंट यस्टर्डे' मात्र दोन्हीकडे चूकच.

भाचीसारखं आयईएलटीएसला बसत असाल तर रायटिंगच्या चार निकषांत व्याकरण एक आहे, म्हणजे चौथा हिस्सा. अकॅडेमिक प्रकारातल्या पहिल्या टास्कमध्ये बहुतेक वेळा आलेख असतो, वीस मिनिटांत किमान 150 शब्द लिहायचे, आणि तिथे सगळ्यात आधी आलेखाच्या खालची वर्षं बघायची. 2000 ते 2010 असं बंद असेल तर 'रोज', 'फेल', 'इंक्रीज्ड', सरळ सिंपल पास्ट. पुढच्या वर्षांचा अंदाज दिला असेल तर 'इज एक्स्पेक्टेड टू राइज'. भाचीने पहिल्या सरावात 'फ्रॉम 2000 टू 2010 द नंबर हॅज इंक्रीज्ड' लिहिलं होतं, आठ वेळा. आता ती आधी वर्षांना पेन्सिलने गोल करते, मग लिहायला घेते.