फ्लॅट घेताना मनाचं ऐकावं की कागदाचं?
दार उघडलं, समोर बाल्कनी, भन्नाट वारा, आणि मनाने कौल दिला, "हेच!" एजंट लगेच कानाशी, "साहेब, दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय."

मनाचा कौल टाकाऊ नसतो. रोज मासळी घेणारी बाई कल्ला उचलून क्षणात ठरवते आणि सहसा फसत नाही. फसलीच, तर दुपारी ताटातच कळतं. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे मानसशास्त्रज्ञ या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे. पहिला अंदाजांच्या चुका शोधणारा, दुसरा अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्यांच्या अंदाजावर भरवसा असलेला. 2009 साली दोघांनी मिळून लिहिलं: खुणा ठरावीक असतील, भरपूर सराव असेल आणि चूक लवकर कळत असेल, तिथेच अंदाजावर भिस्त ठेवावी. फ्लॅट आपण आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. सराव कुठला?

शिवाय बाल्कनीतून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची अधिकृत परवानगी, दिसत नाही. टायटल (मालकी हक्क), 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांची तपासणी), कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं), मागच्या मालकाची थकबाकी हे वकिलाकडूनच कळणार. इथे मनाला मतच देऊ नका.

कागदाचीही एक खोड आहे. एक्सेलमध्ये गुण देताना आवडत्या घराच्या प्रकाशाला सातऐवजी "चला, नऊ" कधी होतात, आपल्यालाही कळत नाही. आणि रकाने वाढवत बसलं की वर्ष जातं, भाव चढतात.

मला कानेमनचीच जुनी युक्ती पटते. 1950च्या दशकात इस्रायली सैन्यात जवानांच्या मुलाखतींसाठी त्याने स्वभावाचे सहा गुण ठरवले. प्रत्येक गुणाचे मार्क वेगळे, आणि शेवटी मुलाखत घेणाऱ्याने डोळे मिटून एक आकडा द्यायचा. तो आकडाही सहा मार्कांच्या बेरजेइतकाच कामाचा निघाला. मात्र डोळे मिटायचे ते शेवटी. घराचंही तसंच करा: आधी कागद, मग पाणी, प्रकाश, पार्किंग, अंतर यांचे गुण वेगवेगळे, घर बघतानाच लिहिलेले, आणि मग मन.

भाड्याचं घर असेल तर एवढा खटाटोप नको. 11 महिन्यांचा करार, आवडलं तर घ्या.

विकत घेताना मात्र दुसरी चक्कर पावसाळ्यात मारा. बेडरूमच्या एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर का ते विचारा.